टाचेच्या शिरा

वालूर, ता. सेलू, जि. परभणी
९ जानेवारी २०२५

चि. बालाजी भाऊजी,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका. घरी कोणाला काही झालेलं नाही. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितेय. चौदा महिने झाले, एवढ्या दिवसांत दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. पण मी आशा वर्कर आहे. मला बघून दार लावून घेणाऱ्यांच्या दारात उभं राहायची मला सवय आहे.

पत्ता तुमच्या दादांच्या कपड्यांच्या खोक्यावर होता, तो मी जपून काढून ठेवला होता. पोस्टात दत्तरावांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "सर्बिया? ह्ये कोणच्या तालुक्यात येतंय, सुकेशनीबाई?" मी म्हटलं, तालुका निश. त्यांनी मान डोलावली. पोचलं तर माझं नशीब.

काम असं आहे. ते खोकं मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा उघडलं. त्यात तुमच्या दादांची एक वही निघाली, तिकडचे शब्द लिहिलेली. वोदा – पाणी. ह्लेब – पाव (आपल्या भाकरीची सर नाही). पोलाको – दमानं. सूत्रा – उद्या. मायस्तोर – कारागीर, आणि त्यापुढे कंसात 'मी'. ते वाचून मी हसले. इथं त्यांनी वीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवल्या, तर "ए फरशीवाल्या" याच्यापुढे कोणी गेलं नाही. तुम्ही तिकडून फोनवर सांगितलंत, "दादा, इथं कारागिराला मायस्तोर म्हणतेत, आडनाव कुणी इचारत न्हाई." तेव्हाच त्यांचं जायचं ठरलं होतं. बाकीची कारणं आम्ही नंतर जुळवली.

शेवटच्या पानावर एकच ओळ आहे. इझ पेत्निह झिला. पुढे रेघ मारलीय आणि रेघेच्या पुढे कोरं. सगळ्या शब्दांचे अर्थ लिहिले आणि याचाच नाही. मला तो हवाय. एवढं एक सांगा, मग परत त्रास देणार नाही.

गावात काय बोलतात ते तुम्ही ऐकूनच गेला आहात. बालाजीनं भावाला तिकडं नेलं आणि राबवून राबवून मारलं. आत्या तर तुमचं नावच घेत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "मला एकच ल्योक होता, त्यो गेला." मी काही बोलत नाही. मला काय माहीत तिथं काय झालं? शेवटच्या दिवशी आमचं फोनवर बोलणं झालं ते धम्मशीलाच्या शाळेबद्दल. पाय दुखतोय हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

धम्मशीला पाचवीत गेली. तिचा जय भीम.

तुमची वहिनी,
सुकेशनी


वालूर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. बालाजी भाऊजी,
जय भीम.

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून दुसरं लिहितेय. दत्तराव म्हणाले पोचायला महिना लागतो, यायला महिना लागतो, मग राग जायला किती लागतो ते विचारायचं राहिलं.

त्या ओळीचा अर्थ मोबाईलला विचारला. त्याने 'झिला' म्हणजे झील समजून मला उदयपूरच्या तलावांची चित्रं दाखवली. हायस्कूलच्या सरांना दाखवली तर ते म्हणाले, औषधाचं नाव असेल. मी घाबरले. तुमच्या दादांनी औषध लिहून ठेवलं होतं आणि घेतलं नाही की काय, म्हणून दोन दिवस तेच डोक्यात. खरंच औषध आहे का ते? असेल तर लपवू नका.

आता एक सांगते, हसू नका. पुढच्या खोलीतला कोपरा तुम्हाला आठवतो? जायच्या आधी त्यांनी सगळी खोली केली आणि दाराच्या मागचा कोपरा राहिला. अकरा फरशा. "आल्यावर करतो," म्हणाले. फरशा भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि खाली नुसतं सिमेंट. मी सर्व्हे करून दुपारी घरी येते तेव्हा आत्या शेजारी गेलेल्या असतात, धम्मशीला शाळेत. भर दुपारी, उन्हात, त्या कोपऱ्यातून रबरी हातोडीचा आवाज येतो. टप, टप, आणि मधे थोडं थांबून परत टप. ते फरशी समतल झाली का हे बघायला थांबायचे ना, तेवढंच थांबणं. मी पहिल्यांदा शेजाऱ्यांचं काम चालू असेल म्हणून बाहेर जाऊन बघून आले. शेजारी कुलूप होतं.

आत्यांना सांगितलं नाही. पण त्या रोज त्या कोपऱ्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "मला लागतंय." त्यांची बाज तर दुसऱ्या खोलीत आहे.

आणखी एक खोड लागलीय. माणूस दिसला की मी आधी त्याचे पाय बघते. परवा बसस्टँडवर भुजंग मिस्त्री चहा पीत उकिडवा बसला होता, तुमचे दादा बसायचे तसाच, टाचांवर सगळं वजन टाकून. मी त्याला ओरडले, "उठा आधी! उठा म्हणते ना!" चार माणसांसमोर. बिचारा बशी सांडत उठला. मग म्हटलं, लसीकरणाला नातवाला घेऊन या. त्याला नातू नाही.

दादांच्या पायाबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं असेल तर विसरा. नसेल वाचलं तर उत्तम.

तुमची वहिनी,
सुकेशनी


वालूर
२७ मार्च २०२५

बालाजी भाऊजी,

पोचलं तुमचं पत्र. पत्र कसलं, चिठ्ठी. 'टाचेच्या शिरांतून. म्हणजे अंगात असेल नसेल तेवढी ताकद काढून काम करणं. मिलोराद दादाला म्हणायचा.' वर जय भीम नाही, खाली नाव नाही. दत्तरावांनी दारात येऊन दिलं आणि "वाचा की," म्हणून उभेच राहिले. मी दार लावलं.

दिवसभर मी ते घेऊन फिरले. टाचेच्या शिरांतून. आपल्याकडे माणूस जिवाचं रान करतो, रक्ताचं पाणी करतो, हाडाची काडं करतो. टाचेचं काम कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. मिलोराद हा तुमचा मुकादम ना, पांढऱ्या मिशांचा? तुमचे दादा मला सांगायचे, की तिथले लोक गुडघ्यांना गाद्या बांधून, गुडघे टेकून फरशी बसवतात. यांनी गाद्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवल्या. म्हणाले, "मला आपलं उकिडवंच जमतंय." आठ-आठ तास टाचांवर. मिलोराद सगळ्यांना बोलावून दाखवायचा म्हणे. त्यातूनच म्हणाला असेल. मला किती अभिमानानं सांगितलं होतं त्यांनी, सगळे कामगार बघायला गोळा झाले म्हणून. मला पण अभिमान वाटला होता भाऊजी, खोटं कशाला बोलू.

खोट्यावरून. पहिल्या पत्रात मी लिहिलं की पाय दुखतोय हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. हे मी कोणाला लिहितेय याचं तरी भान हवं होतं. तुम्ही तिथं त्यांच्या पायाशी बसला होता. फोन पलंगावर ठेवलेला होता, आवाज मोठा केलेला. मी काय बोलले ते तुम्ही शब्द न् शब्द ऐकलंत. जगात एकच माणूस असा आहे की ज्याच्याशी हे खोटं चालणार नाही, आणि मी पाकीट बंद करून नेमकं त्यालाच पाठवलं.

का लिहिलं? चौदा महिने हेच सगळ्यांना सांगत आले म्हणून हात तिकडेच वळला. आणि वाटलं, वाचून तुम्ही भडकाल, "वहिनी, काय खोटं बोलायलात," असं तरी लिहाल. तुम्ही तेही केलं नाहीत. मी विचारलं तेवढ्या ओळीचा अर्थ सांगितलात, आणि पायाच्या गोष्टीवर एक अक्षर नाही. त्यामुळे मला झोप लागेना.

बाकीचं पुढच्या पत्रात लिहीन. आज जमत नाही.

सुकेशनी


वालूर
१६ एप्रिल २०२५

चि. बालाजी भाऊजी,
जय भीम.

परवा जयंती झाली. मिरवणूक आपल्या गल्लीतून गेली, धम्मशीला पांढऱ्या साडीत पुढे होती. दिवसभर उन्हात चालून तिच्या पायांची आग व्हायला लागली. काल संध्याकाळी मी एका बाळंतिणीकडून परत आले तर दारातच तो आवाज ऐकू आला. खसखस, खसखस. दुपारचा हातोडीचा आवाज मला आता सवयीचा झालाय, पण हा वेगळा होता आणि हा खरा होता.

आत्यांनी काशाची वाटी शोधून काढली होती. दादांच्या खोक्यातून परत आलेली ती मी पत्र्याच्या पेटीत तळाला, गोधडीत गुंडाळून ठेवली होती. धम्मशीलाला बाजेवर निजवून, तळपायाला तूप लावून त्या वाटीनं चोळत होत्या. तूप काळं झालेलं. "बघ, किती काळं निघालं, सगळी उष्णता बाहीर आली," असं तिला कौतुकानं सांगत होत्या.

मी वाटी त्यांच्या हातातून ओढली आणि अंगणात फेकून दिली. ती हौदाला लागून केवढ्यानं वाजली. पोरगी रडायला लागली. आत्या "वाटीनं काय केलंय तुझं?" म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, हात घसरला. त्यांचा विश्वास बसला नाही.

तळपाय चोळल्यानं पोरीला काहीही होणार नव्हतं, हे मला कळतं. तरी ती वाटी पायावर फिरलेली मला बघवली नाही. आता ते सगळं लिहिते.

त्या शेवटच्या संध्याकाळी फोनवर तुमच्या दादांनी सांगितलं, डावी पोटरी सुजलीय, गरम लागतेय, आतून ठणकतेय, उजवी बरी आहे. चार दिवसांपासून. तुम्ही मधेच बोललात, "वहिनी, मिलोराद गाडी घेऊन आलाय, दवाखान्यात चल म्हणायलाय." आणि मी म्हटलं, थंडीत टाचांवर बसून नस आखडलीय, त्याला दवाखाना कशाला. आत्यांनी पिशवीत वाटी दिलीय ना, तिच्यानं चोळा. दादा म्हणाले, तळपाय का? मी म्हटलं, तळपाय नाही, पोटरी, खालून वर. तुम्ही हळू चोळत होता. मी म्हटलं, "भाऊजी, जोर लावा." थोड्या वेळानं तुम्हीच ओरडलात, "लय काळं निघालं वहिनी! दादाला बरं वाटायलंय." मी समाधानानं फोन ठेवला. सकाळी ते जिन्यात पडले.

हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

तुम्ही दादांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर कोणाला न सांगता निघून गेलात. त्यानंतर चौथ्या दिवशी मी कामावर परत जायचं म्हणून माझी ट्रेनिंगची वही काढली. त्यात १२ जुलै २०२२ ची तारीख आहे. माझंच अक्षर. 'बाळंतीण – एकच पाय सुजणे, गरम लागणे, पोटरी दुखणे – रक्ताची गाठ असू शकते – ती सुटून छातीत जाते – चोळू नये – ताबडतोब पाठवणे.' चोळू नये याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

भाऊजी, या गावात मी तीन बाळंतिणींचे पाय चोळू दिले नाहीत. सासवांशी भांडले. मालिश करणाऱ्या कुसुमबाईंना दारातून परत पाठवलं, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यातल्या एकीला खरंच गाठ निघाली आणि ती वाचली. पण ते बाळंतिणीच्या पानावर लिहिलेलं होतं. फरशी बसवणाऱ्या गड्यालाही ते होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाय तर पायच असतो ना? मला एवढं कळू नये?

ते पान वाचल्यावर मी वही मिटली आणि बाहेर आले. अंगणात बायका बसल्या होत्या, आत्या त्यांना सांगत होत्या की धाकट्यानं थोरल्याला राबवून खाल्लं. मी तिथं उभी राहिले आणि काहीच बोलले नाही. त्या दिवसापासून मी रोज काही बोलले नाही. तुमच्यावर सगळं ढकलून मी या घरात निवांत भाकरी खाल्ल्या.

आता तुम्हाला काय करायचं ते करा. पत्र आत्यांना वाचून दाखवायला कोणालाही सांगा, मी अडवणार नाही.

सुकेशनी


वालूर
५ जून २०२५

चि. बालाजी भाऊजी,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र आलं. चार पानं. दत्तराव म्हणाले, "आज लय जड हाय." मी ते मागच्या अंगणात बसून वाचलं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तिथल्या डॉक्टरनं तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, पायातली गाठ छातीत गेली. दुभाषी लावून विचारलं होतं, कोणी पाय दाबला का, चोळला का. आणि तुम्ही नाही म्हणालात. 'माझे हात होते वहिनी, म्हणून न्हाई म्हणलो. मग गावात आल्यावर तुमच्याकडं बघितलं आणि वाटलं, खरं सांगितलं तर तुमचंबी नाव येईल, मग धम्मशीलाला कोण सांभाळंल.' एवढं तुम्ही मनात ठेवून विमानात बसलात, आणि मी इथं तुमचं तोंड काळं होऊ दिलं.

फोन का उचलत नव्हता तेही लिहिलंत ते बरं केलंत. माझा आवाज आला की तुम्हाला 'जोर लावा' ऐकू येतं. मला हातोडी ऐकू येते, तुम्हाला मी ऐकू येते. तुमचं जास्त वाईट आहे, कारण मी जिवंत आहे. तुम्हाला माझा रागही आला होता, असं एका ओळीत लिहून खोडलंय. खोडायची गरज नव्हती, खालून दिसतंय.

पण त्या पत्रातल्या दोन गोष्टी माझ्यानं सहन होत नाहीत. मिलोराद दारात गाडी चालू ठेवून उभा होता, आणि दादा त्याला हसून म्हणाले, "सूत्रा, सूत्रा." तो ऐकेना तेव्हा तुम्हाला म्हणाले, "त्याला सांग, माझी बायको दवाखान्यातलीच हाय. ती सांगती म्हंजे डॉक्टरनंच सांगितलं." मिलोरादला ते पटलं आणि त्यानं गाडी बंद केली. भाऊजी, गावात मला कोणी एवढं मानत नाही. दहा वेळा सांगावं तेव्हा एक बाई गोळ्या घेते. ज्यानं पहिल्या शब्दाला ऐकलं तो तेवढा एकच.

दुसरी ती कोरी जागा. मिलोरादनं त्यांना त्याच दिवशी दुपारी ते वाक्य शिकवलं, टाचेला बोट लावून. यांनी रेघ मारून जागा सोडली आणि तुम्हाला म्हणाले, "सुकेशनीला इचारतो संध्याकाळी, तिला आपल्यातला बरोबर शब्द सुचंल." संध्याकाळी आम्ही पायाबद्दलच बोलत राहिलो. विचारायचं राहून गेलं.

तुम्ही लिहिलंय, झालं ते झालं, आईला काही सांगू नका, ती तुम्हाला घराबाहेर काढील, मला शिव्यांची सवय झालीय. नाही भाऊजी. तुम्हाला सवय झालीय म्हणून मी ते चालू ठेवू का? आत्यांचं वय काय, आणि तुम्ही त्यांना परत कधी दिसाल? धम्मशीलाची भीती मलाही आहे. त्या म्हणाल्या की नातीला ठेवून तू जा, तर मी काय करणार? दोन रात्री मी याच एका भीतीत काढल्या. पण आता आणखी एक वर्ष मी त्यांच्या पुढ्यात ताट ठेवून गप्प बसू शकत नाही. रविवारी सांगते. त्या दिवशी धम्मशीलाला मामाकडं जिंतूरला पाठवते.

माझ्यासाठी काही करायचं असेल तर एकच करा. आपण दोघांनी मिळून ते केलं, असं धरा. सगळं तुमच्या हातांवर घेऊ नका.

तुमची वहिनी,
सुकेशनी


वालूर
२० जून २०२५

चि. बालाजी भाऊजी,
सप्रेम जय भीम.

रविवारी सांगितलं. पुढच्या खोलीत, त्या कोपऱ्यासमोर बसून. ट्रेनिंगच्या वहीतलं पान वाचून दाखवलं, फोनवर काय बोलले तेही, 'जोर लावा' सुद्धा. तुम्हाला डॉक्टरनं काय सांगितलं आणि तुम्ही का गप्प राहिलात तेही सांगितलं. आत्या ज्वारी निवडत होत्या. मी बोलत होते तोवर त्यांचे हात चालूच होते. बोलून झालं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि एकच विचारलं, "बाल्या चल म्हणला व्हता दवाखान्यात?" मी म्हटलं, हो. "आन् तू नको म्हणलीस." मी म्हटलं, हो.

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठून बाहेर गेल्या.

त्या दिवसापासून माझ्या हातचं खात नाहीत. अंगणातल्या चुलीवर स्वतःची भाकर स्वतः थापतात, धम्मशीलाला आपल्या ताटात घेतात. तिला माझ्यापासून तोडलं नाही, जा म्हणाल्या नाहीत, पण माझ्याशी एक शब्द नाही. मी चहा ठेवते, तो तसाच गार होतो. बारा दिवस झाले. मंगळवारी शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि कोणीतरी नेहमीसारखं तुमचं काढलं. आत्या म्हणाल्या, "बाल्याला नावं ठिवायची न्हाईत. त्यानं काय केलं न्हाई." बाया चपापल्या. मग कोणी केलं, असं एकीनं विचारलं. आत्या उठून आत गेल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी चुलीपाशी होते, मला सगळं ऐकू आलं.

हातोडीचा आवाज अजून येतो. मला वाटलं होतं सांगितल्यावर थांबेल. थांबला नाही. मात्र काल पहिल्यांदा मी तिथून पळाले नाही, कोपऱ्याजवळ बसले. टाचांवर, त्यांच्यासारखी. दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या आणि उठावं लागलं. आठ तास कसे बसत होते कोणास ठाऊक.

वहीतली ती जागा भरली. खूप शब्द लिहून पाहिले, दुसऱ्या कागदावर. जिवाचं रान काही जुळेना, ते आपण कोणासाठीही म्हणतो. शेवटी रेघेपुढे तुम्ही पाठवलेलाच अर्थ लिहिला, टाचेच्या शिरांतून, आणि खाली लिहिलं, 'मायस्तोर सिद्धोधन असं काम करायचा'. त्यांना माझ्याकडून शब्द हवा होता. मला यापेक्षा बरा सुचला नाही, असं त्यांना सांगायचं होतं.

हे लिहीत असताना आत्या येऊन दाराच्या चौकटीत बसल्या. मागून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी लिहायची थांबले.

"त्यालाच लिहायलीस का?"

बारा दिवसांनी पहिला शब्द. मी म्हटलं, हो.

त्या कोपऱ्याकडं बघून बोलल्या, माझ्याकडं नाही. जसं बोलल्या तसंच लिहितेय, एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.

"बाल्याला इचार, पाय सुजतेत का. थंडी लय असती तिथं. सुजले तर चोळू नको म्हणाव. कुणी बी सांगितलं तरी ऐकू नको म्हणाव, म्या सांगितलं तरी. दवाखान्यात जा म्हणाव. त्याच दिशी. उद्या म्हणू नको म्हणाव."

मग विचारलं, "लिव्हलंस का?"

लिहिलंय.

तुमची वहिनी,
सुकेशनी